जोथमला किती पडली?

हॅडलॉक गावच्या सभाघरात शेकोटी नव्हती. देवाची प्रार्थना करायची ती कुडकुडत आणि गावकीची भांडणं करायची तीही कुडकुडत, असा वाडवडिलांचा दंडक. भांडताना निदान अंग तरी तापतं, म्हणून गावसभेला माणसं जास्त जमतात, असं पाद्रीबाबा वैतागून म्हणायचे. पण त्या वर्षी भांडणाचीही ऊब सरली. बॉस्टनच्या विधानसभेतली गावाची जागा रिकामी झाली होती. ती भरायला तीनदा सभा झाली, तीनदा मतं पडली आणि तीनदा कोणीच निवडून आलं नाही. आता मार्च उजाडला होता, चौथी सभा बोलावली होती, आणि तीही मेपलच्या झाडांना साखरेचा रस सुटायच्या ऐन दिवसांत. झाडाखाली बादल्या भरून वाहतायत आणि आपण इथे बाकावर बसलोय, या विचारानेच माणसं दातओठ खात होती. मे महिन्यात तर सगळीच निवडणूक नव्याने व्हायची होती. म्हणजे हा सगळा खटाटोप जेमतेम काही आठवड्यांच्या खुर्चीसाठी.

या सभेचा प्रमुख होता गावचा थोरला पंच आणि चर्चचा मानकरी, म्हणजे डीकन, असाहेल लडन. आणि रिकामी झालेली जागा त्याच्याच मुलाची होती.

जोथम लडन जानेवारीत बॉस्टनमध्ये वारला. अधिवेशनाला गेला होता, खाणावळीच्या खोलीत तापाने फणफणला आणि पाच-सहा दिवसांत संपला. साथीचा ताप म्हणून तिथल्या लोकांनी लगोलग पुरूनही टाकला. गावात निरोप आला तोवर त्याच्या थडग्यावर बर्फ पडून गेलं असेल. आईबापाने त्याचं तोंड पाहिलं नाही, की मातीही दिली नाही. आठवडाभर लोक घरी येऊन गेले, मक्याच्या भाकऱ्या आणि उकडलेलं खारं डुकराचं मांस ठेवून गेले. मग येईनासे झाले. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. गावात कोणी जोथमचं नावच घेईना. डीकन दिसला की लोक हवापाण्याचं बोलायचे. बिचाऱ्याला दुःख नको, एवढाच हेतू. पण असाहेलला वाटायचं, आपण वीस-तीस वर्षं ज्याला हाका मारल्या तो कधी नव्हताच की काय.

मग बॉस्टनहून हुकूम आला, रिकामी जागा भरा.

उभे राहिले दोघं. तसं आपण उभे आहोत असं आपल्या तोंडाने म्हणणं तिकडे फार वाईट दिसतं, त्यामुळे दोघंही ‘आपलं काही नाही बुवा, लोकच म्हणतायत’ असं म्हणत घरोघर फिरत होते. एक पूर्वेकडचे कोलबर्न, ज्यांना सगळे मानाने ‘स्क्वायर’ म्हणायचे, वकील माणूस, दुकानदारही. दुसरा पश्चिमेकडचा कप्तान झेडॉक फ्रेरी, इंग्रजांशी लढलेला. पश्चिमेकडच्यांना गावाची फाळणी करून आपलं वेगळं गाव हवं होतं, तसा अर्ज विधानसभेपुढे पडला होता. पूर्वेकडच्यांना ती नको होती. आणि मध्ये डोंगराच्या अंगाला वरच्या रस्त्याची पंधरा-वीस घरं होती, गरीब, दगडाळ जमिनीची. फाळणी झाली तर ती कुणाच्या वाटणीला जायची, यावर दोन्हीकडच्यांचं एकमत होतं: तुमच्या. त्यांच्याकडून करही धड यायचा नाही, वर त्यांचे रस्ते राखायचे. एकटा जोथम होता जो बर्फातून वरच्या रस्त्यावर जाऊन त्यांच्या चुलीपाशी बसायचा.

निवडून यायचं तर तिथला नियम असा की पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळायला हवीत. नुसता पुढे असून भागत नाही. प्रत्येक जण कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून आणतो आणि टेबलावर उलट्या ठेवलेल्या थोरल्या पंचाच्या टोपीत टाकतो. मग थोरला पंच एकेक चिठ्ठी उलगडून नाव खणखणीत वाचतो आणि शेजारचा पंच रेघ ओढतो.

पहिल्या सभेत असाहेल असाच वाचत होता. कोलबर्न, फ्रेरी, फ्रेरी, कोणीतरी गंमत म्हणून लोहाराचं नाव लिहिलेलं, पुन्हा कोलबर्न. आणि मग हातात आली ती चिठ्ठी. कोळशाने लिहिलेलं, वाकडंतिकडं: जोथम लडन.

तिथेच ती खिशात घालायला हवी होती. मेलेल्या माणसाला मत कसलं? पण त्याला ते सुचलं नाही. इतक्या दिवसांत ते नाव कुठे दिसलं नव्हतं, कानावर आलं नव्हतं. त्याने ते वाचलं. सावकाश, रविवारी स्तोत्र म्हणावं तसं वाचलं. सभाघर चिडीचूप झालं. शेजारच्या पंचाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून रेघ ओढली. त्या दिवशी मतं इकडे तिकडे विखुरली आणि दोघांनाही निम्म्याची हद्द ओलांडता आली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण राहवेना. हेप्सिबा चरख्यापाशी बसली होती. निरोप आल्यापासून ती अशीच बसायची, चाक फिरवायची नाही. रडलीही नव्हती. समोर वाढलेलं तसंच राहायचं.

“जोथमला मत पडलं आज,” असाहेल म्हणाला.

“कुणाचं?”

“काय माहीत. वरच्या रस्त्याचं कुणीतरी असेल.”

हेप्सिबा उठली. चुलीवरच्या हंडीतून तिने दोन पळ्या घाटा वाढून घेतला आणि तो सगळा संपवला. असाहेल बघतच राहिला. चला, देवाची कृपा, असं त्याला वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कुठे ठाऊक होतं!

दुसऱ्या सभेत जोथमच्या नावाच्या नऊ चिठ्ठ्या निघाल्या. तिसऱ्या सभेत सतरा. वरचा रस्ता तर होताच, वर खालच्या गावातलेही काही भले लोक सामील झाले. डीकनने ते नाव किती मायेने वाचलं होतं, त्याला तेवढंच बरं वाटतं, आपलं काय जातंय, असा विचार. प्रत्येक जण आपल्या परीने म्हाताऱ्याचं सांत्वन करत होता. आणि त्या सांत्वनापायी ना कोलबर्न निम्म्याच्या पुढे जात होते, ना फ्रेरी.

घरी पाय ठेवला की हेप्सिबा विचारायची, “अहो, जोथमला किती पडली?”

तो आकडा सांगायचा. आकडा वाढला की तिच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. एकदा तर ती म्हणाली, “असं बघू नका हो माझ्याकडे. मला वेड नाही लागलं. तो नाही, हे मला कळतं. फक्त किती जणांना त्याची आठवण आहे तेवढं ऐकू द्या.”

त्याने ऐकवलं. सभाघरात काय चालतं ते मात्र नाही ऐकवलं.

कारण पहिल्या वेळची ती शांतता पुन्हा काही लाभली नाही. दुसऱ्या सभेत जोथमचं नाव निघालं तसे लोक नुसते बाकांवर चुळबुळले. तिसऱ्या सभेत मागच्या बाकावरून उघड उघड सुस्कारे आले, हशाही पिकला. “आलं पुन्हा!” कोणीतरी म्हणालं. दोघं तरणे पुढची चिठ्ठी कुणाची यावर चिमूटभर तंबाखूची पैज लावत होते, आणि जोथमचं नाव निघालं की हरलेला बूट आपटायचा. माणसं दुष्ट नव्हती. थकली होती, गारठली होती. असाहेलला तेही कळत होतं. पण आपल्या पोराचं नाव आपल्याच तोंडाने वाचायचं आणि त्यावर लोकांचे सुस्कारे ऐकायचे, हे त्याला आता सोसत नव्हतं. थांबवावं तर बायकोचा घास तुटतो. चालू ठेवावं तर पोराच्या नावाचे धिंडवडे. इकडे आड, तिकडे विहीर असं करून ठेवलं होतं गावाने, आणि तेही अगदी मायेने.

चौथ्या सभेच्या आधी दोन्ही थोर पुरुष त्याच्या घरी येऊन गेले.

स्क्वायर कोलबर्न आले ते गोड बोलायला. तिसऱ्या वेळी ते जरा मागे पडले होते. “डीकन, कायद्यात कुठे लिहिलंय हो, की मेलेल्याला मत देऊ नये? नाही लिहिलेलं. मग मोजा. शिवाय तुमच्या मुलाचा मान आहे तो. मला तर फार बरं वाटतं.”

“तुम्हाला बरं वाटणारच,” असाहेल म्हणाला. “ती मोजली की फ्रेरी निवडून येत नाही.”

“छे छे! माझं काही नाही बुवा, लोकच म्हणतायत.”

दुसऱ्या दिवशी कप्तान फ्रेरी आला. चिखलाचे बूट घेऊन सरळ आत. त्याला गोड बोलता येत नसे. “डीकन, तुमच्या जोथमबद्दल माझं काही म्हणणं नाही. चांगला पोरगा. पण मी लढू कुणाशी, सांगा? जिवंत माणूस असता तर रमचा पेला पाजून वळवला असता. हा पेला पीत नाही, भांडत नाही, नि दरवेळी त्याची मतं वाढतात!”

“मी काय करू मग, कप्तान?”

“वाचायचीच नाही. चिठ्ठी उघडली, नाव बघितलं, बाजूला सारली. संपलं. पहिल्या दिवशीच तसं केलं असतं तर आज मी माझ्या झाडांचा रस काढत असतो.”

हे खरं होतं म्हणून असाहेलला जास्त लागलं. फ्रेरी गेल्यावर आतल्या खोलीचं दार उघडलं. हेप्सिबा उभी होती.

“काय बाजूला सारायचं म्हणत होते?”

“काही नाही. राजकारण.”

असाहेलने घोडा काढला आणि तडक वरच्या रस्त्याला लागला.

कम्फर्ट टटल हा वरच्या रस्त्याचा पुढारी म्हणायचा तर म्हणा. दात पडलेला, अंगावर दहा ठिगळांचा कोट, पण त्याने हाक मारली की पंधरा-वीस घरं गोळा व्हायची. तो झाडीत मोठ्या कढईत रस आटवत बसला होता. धुराने डोळे लाल झाले होते. डीकनला बघून त्याने पळीभर गरम पाक लाकडी वाडग्यात ओतून पुढे केला.

“घ्या डीकन. यंदा रस पातळ आहे, पण गोड आहे. बसा त्या ओंडक्यावर. चौथ्या सभेचं सांगायला आलात? येतो आम्ही, सगळे येतो. या खेपेला तुमच्या जोथमला पंचवीस पाडतो बघा.”

“कम्फर्ट, ते बंद करा.”

टटलची पळी कढईत थांबली. “म्हणजे?”

“त्याला मत देणं बंद करा. मेलेल्याला निवडून देता येत नाही.”

“ते का आम्हाला कळत नाही?” टटल हसला, पण तोंडापुरतं. “डीकन, पहिली चिठ्ठी माझी होती. कोळशाने लिहिली, माझ्याकडे शाई कुठली? म्हटलं, कोलबर्नला नको, फ्रेरीला नको, दोघंही आम्हाला एकमेकांच्या अंगणात लोटतायत. एकच माणूस आम्हाला माणसांत मोजायचा, त्याचंच नाव लिहितो. वाटलं, तुम्ही फेकून द्याल. पण तुम्ही वाचलंत. तेही सावकाश, स्तोत्रासारखं. घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हातारा त्या नावाला भुकेला आहे गं. म्हणून दुसऱ्या खेपेला सगळ्यांना सांगितलं.”

असाहेलने वाडगं खाली ठेवलं. इतक्या चांगल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

“लोक हसतात, कम्फर्ट,” शेवटी तो म्हणाला. “त्याचं नाव निघालं की हसतात. तुम्ही पुढच्या बाकावर बसता, कानांनी कमी ऐकता, तुम्हाला ते कळत नाही. मला तिथे उभं राहून ऐकावं लागतं.”

टटलने कढईखालचं एक लाकूड आत सारलं. “हसतात?”

“हसतात.”

“मग एक करा. सभेत उठून तुमच्या तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर. तुम्ही सांगितलंत तर वरचा रस्ता एक चिठ्ठी टाकणार नाही. पण असं झाडीत येऊन कानात सांगितलेलं मी लोकांना कसं सांगू? म्हणतील, कप्तानाने टटलला रम पाजली.”

तेही बरोबरच होतं. असाहेल परतला तो मनाशी ठरवूनच: सभेत उठायचं आणि सांगायचं. हेप्सिबाला संध्याकाळी म्हणायचं की लोकांनीच आपणहून थांबवलं. ती खचेल, पण तिला खरं तर कळणार नाही.

सभेच्या सकाळी तो टोपी झटकत होता तेव्हा हेप्सिबा काळा झगा आणि जाड शाल घालून बाहेर आली.

“कुठे निघालीस?”

“तुमच्याबरोबर.”

“हेप्सी, गावसभेला बायका येत नाहीत.”

“वर माडीवर बसेन. रविवारी बसत नाही का? बोलायचं नाही एवढंच ना, नाही बोलणार.” ती शालीची गाठ मारू लागली. “फ्रेरी काय म्हणत होता ते ऐकलंय मी. आज तुम्ही त्याचं नाव बाजूला सारणार असाल तर शेवटचं मला माझ्या कानांनी ऐकू दे.”

त्याने थंडीचं कारण सांगितलं, चिखलाचं सांगितलं, तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. ती गाडीत जाऊन बसली.

सभाघर भरलेलं होतं. ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास दाटला होता. कॉन्स्टेबल उभा राहिला आणि दरवेळचंच पुन्हा वाचू लागला. “हॅडलॉक गावच्या मताधिकारी रहिवाशांस कळविण्यात येते की, मयत जोथम लडन यांच्या रिकाम्या जागी...” असाहेलला हे तोंडपाठ झालं होतं. पण आज ‘मयत’ या शब्दाशी त्याची नजर वर गेली. माडीच्या कठड्यामागे हेप्सिबा एकटी बसली होती, हात मांडीवर ठेवून. घरी येऊन तो फक्त आकडे सांगायचा. हे वाक्य तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

“मतदानापूर्वी कुणाला काही सांगायचंय?” हे त्यालाच विचारायचं होतं, त्याने ते विचारलं. पुढच्या बाकावरून टटल त्याच्याकडे टक लावून बघत होता. हीच वेळ होती. असाहेलने घसा खाकरला. माडीवर हेप्सिबा किंचित पुढे झुकली.

त्याने टोपी काढली.

“नसेल तर चिठ्ठ्या आणा,” तो म्हणाला आणि टोपी उलटी करून टेबलावर ठेवली. टटलने खांदे उडवले, उठला आणि आपली चिठ्ठी टाकून गेला. त्याच्या मागोमाग वरचा रस्ता.

मोजणी सुरू झाली. फ्रेरी. फ्रेरी. कोलबर्न. फ्रेरी. कोलबर्न. मग तो थबकला.

“जोथम लडन.”

“आली! मयताची स्वारी आली!” मागून कोणीतरी ओरडलं आणि मागचे दोन बाक खदखदून हसले. ‘अरे देवा’ असा एक लांब सुस्कारा निघाला. बूट आपटला. त्यांना माडीवर कोण बसलंय याचा पत्ता नव्हता. असाहेलने मान वर केली नाही. करवलीच नाही. त्याने पुढची चिठ्ठी उचलली.

“जोथम लडन.”

पुन्हा हशा, आता जरा मोठा. तिसरीही तीच निघाली. ती त्याने उघडली आणि तशीच धरून ठेवली.

कप्तान फ्रेरी ताडकन उठला. “पुरे झालं, डीकन! सारा ती बाजूला. मेलेल्याचं मत धरायचं नाही.”

“कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही!” स्क्वायर कोलबर्नही उठले. “मोजा!”

“झाडं वाट बघतायत, कोणीतरी निवडून या रे!” मागून एक जण.

कम्फर्ट टटल उठला. त्याचा आवाज चिरका होता, पण सगळीकडे पोचला. “नाव मेलेल्याचं असेल, मत जिवंत माणसाचं आहे! बाजूला सारायचं म्हणता? आम्हाला सगळीकडे तसंच सारता तुम्ही!”

एकच गलका झाला. असाहेलला काही ऐकू येत होतं आणि काही नाही. त्याला बसावंसं वाटलं. तिथेच जमिनीवर बसावं, या सगळ्यांना घरी पाठवावं आणि मे महिन्यापर्यंत उठूच नये.

मग गलका एकदम कमी झाला. लोक वर बघत होते. हेप्सिबा कठडा धरून उभी राहिली होती.

बाईने गावसभेत तोंड उघडायचं नसतं. पण ‘खाली बसा’ म्हणायचा हक्क ज्याचा होता तो थोरला पंच तिच्याकडे नुसता बघत राहिला. मागच्या बाकावरच्या त्या हसऱ्या पोराने खाली मान घातली.

“कम्फर्ट,” ती म्हणाली. “तुमचे उपकार मी विसरायची नाही. तो आकडा उशाशी घेऊन झोपत होते मी. मला वाटायचं, माझ्या लेकाचं नाव निघालं की तुम्ही सगळे इथे टोप्या काढून बसत असाल.”

तिने नजर खाली बाकांवरून फिरवली.

“माझा जोथम वारला.” तिने तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता, असाहेलला ते कळलं, बाकी कुणाला कळलं नसेल. “तिकडेच वारला आणि तिकडेच पुरला. आता त्याला इकडे ओढू नका. दमला असेल तो. हे बघा, त्याचा बाप उभा आहे तुमच्यासमोर, तोही दमलाय. तुम्ही दुसरं कुणाचं तरी नाव लिहा.”

आणि ती खाली बसली.

स्क्वायर कोलबर्ननी सवयीने विचारलं, “हे इतिवृत्तात घ्यायचं का? बाईचं बोलणं—”

“नाही घ्यायचं,” असाहेल म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. त्याने टोपीतल्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. “हे मतदान रद्द. तिने सांगितलं ते मी सांगायला हवं होतं, पहिल्याच सभेत. जोथमचं नाव आता कोणी लिहायचं नाही. लिहिलं तर मी मोजणार नाही. नव्याने चिठ्ठ्या आणा.”

टटल अजून उभाच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं असेल नाहीतर कशाचंही. “डीकन, तुमचं ऐकलं आम्ही. पण मग आमचं कोण?”

याचं उत्तर जोथमकडे असतं.

“मला माहीत नाही, कम्फर्ट,” तो म्हणाला. “खरंच माहीत नाही.”

वरच्या रस्त्याची माणसं दारापाशी कोंडाळं करून कुजबुजत राहिली. बाकीचे जांभया देत, पाय आपटत थांबले. मग ती सगळी एका रांगेत आली आणि चिठ्ठ्या टाकून गेली. टटल टेबलापाशी जरा रेंगाळला. “कोलबर्न,” तो हळूच म्हणाला. “तोही आम्हाला विचारणार नाही. पण फाळणी तरी लांबेल.”

असाहेल वाचत गेला. कोलबर्न, फ्रेरी, कोलबर्न, कोलबर्न. प्रत्येक चिठ्ठी उलगडताना ते नाव नाही असं बघून सुटल्यासारखंही वाटायचं आणि काहीतरी हिरावल्यासारखंही. शेवटची चिठ्ठी वाचून झाली. टोपी रिकामी होती, दिसत होतं. तरी त्याने आतून एकदा हात फिरवला.

स्क्वायर कोलबर्न चार मतांनी निम्म्याच्या पुढे गेले. लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली ती कोलबर्ननी जिंकल्याची नव्हे, संपल्याची होती. ‘आपलं काही नव्हतं बुवा’ असं म्हणत कोलबर्ननी सगळ्यांना खाणावळीत रम पाजायला नेलं. कप्तान फ्रेरी शिव्या घालत आपल्या झाडांकडे गेला. बघता बघता सभाघर रिकामं झालं.

असाहेलने हेप्सिबाला हात धरून गाडीत चढवलं. घोडा चिखलातून पाय ओढत निघाला. गाव मागे पडलं. चढ लागला तसं ती म्हणाली,

“लोक हसतात ते तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“नाही.”

“दरवेळी घरी येऊन मला आकडा सांगायचात. आणि मी विचारायची.”

“तू जेवायचीस,” असाहेल म्हणाला.

हेप्सिबाने शालीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला, लगामासकट. “एकट्यानेच ऐकत उभे राहिलात हो,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं. निरोप आला तेव्हा आलं नव्हतं ते सगळं. मोठ्याने, लहान मुलीसारखी, शाल तोंडावर न घेता ती रडली.

असाहेलने लगाम ओढून गाडी उभी केली. दिवस कलत आला होता, घरी गाई तटतटलेल्या आचळांनी उभ्या असणार होत्या, आणि घोडाही दमला होता. पण त्याला हलावंसं वाटेना. रस्त्याच्या मध्येच, चिखलात, तो तिच्याशेजारी बसून राहिला आणि थोड्या वेळाने तोही रडला.